नाण्यावरची रेघ : ठशाची की रस्त्याची?

मागच्या वेळी आपण अनुमानाबद्दल बोललो. तेव्हा काहींनी विचारलं की डोंगरावरचा धूर आणि त्याखालचा अग्नी ठीक आहे, पण रोजच्या व्यवहारात याचा उपयोग काय? आज त्याचं उत्तर खिशातल्या चिल्लरीतून देण्याचा प्रयत्न करू.

निमित्त घडलं ते आमच्या सोसायटीतल्या वॉचमन मामांचं. एके संध्याकाळी ते दोन रुपयांचं एक नाणं घेऊन घरी आले. म्हणाले, "सर, यावर जन्मतः रेघ आहे. फोनवरचा माणूस म्हणतो तीन लाख देतो." आम्ही विचारलं, "मग अडचण काय?" तर त्यांनी आधीच रजिस्ट्रेशनचे अकराशे भरले होते आणि आता टॅक्सचे साडेतीन हजार भरायचे होते. पगार अजून व्हायचा होता, म्हणून ते उसने मागायला आले होते.

या गोष्टीत दोन वेगळे प्रश्न एकात एक अडकलेत. रेघ खरंच जन्मतः आहे का, हा एक. आणि तिची किंमत काय, हा दुसरा. आधी पहिला घेऊ.

नाणं जन्मतं कसं? धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात आणि त्यांचा काठ किंचित उचलून घेतात. मग ही कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये येते. एक ठसा खाली, एक वर, आणि भोवती पोलादी कडं. ठसे आपटतात, धातू दबून ठशातल्या खळग्यांत शिरतो आणि कड्यापर्यंत पसरतो. एका घावात छापा, काटा आणि कड तिन्ही तयार.

म्हणजे जन्मदोष तीनच जागी संभवतो : चकतीत, ठशात किंवा घावात. यानंतर जे होतं तो दोष नव्हे, ती इजा. रस्त्यावर घासलं, रिक्षाखाली आलं, कुणी हातोडी मारली, सगळं त्यात आलं.

आता सगळ्यात उपयोगी गोष्ट. ठसा हा नाण्याचा उलटा असतो. ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच. ठसा लाखो वेळा आपटतो, थकतो, त्याला तडा जातो. त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक उठलेली रेघ येते. उलट नाण्याला बाहेरून ओरखडा पडला तर रेघ खोल असते. म्हणून डोळे मिटून रेघेवरून आडवं नख फिरवा. नख चढलं तर शंका ठशावर घ्या. नख पडलं तर बहुतेक वेळा रस्त्यावर.

ठशाचा काठाजवळचा तुकडाच उडाला, तर नाण्याच्या कडेला धातूचा गुळगुळीत फुगवटा दिसतो, आणि तिथली अक्षरं त्यात गिळली जातात. कधी मध्ये चकती आलीच नाही, तर दोन ठसे एकमेकांवर आपटतात. मग पुढच्या नाण्यांवर मागच्या बाजूच्या नक्षीची अंधुक, आरशातल्यासारखी उलटी सावली उमटते. ठशाच्या दोषाची खूण ही की तो एकटा नसतो. त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर, त्याच जागी, तो असतो.

चकतीचा दोष वेगळा. पट्टी नीट पुढे सरकली नाही, तर आधीच्या भोकावरच पुढची चकती कापली जाते आणि चंद्रकोरीसारखा घास निघतो. घरी कानशीने घासूनही तसं करता येतं. मग ओळखायचं कसं? घासाच्या बरोब्बर समोरची कड पाहा. जन्मतः अपुऱ्या चकतीचा काठ उचलताना समोरून पुरेसा दाब मिळत नाही, म्हणून ती कड सहसा दबकी, पुसट येते. कानशीवाल्याला ही समोरची बाजू सुचत नाही.

घावाचे दोष डोळ्यांत भरतात. चकती कड्यात नीट बसली नाही की छाप एकीकडे सरकते आणि दुसरीकडे कोरी कोर उरते. एखादं नाणं वरच्या ठशालाच चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर त्याच बाजूची खोल आणि उलटी प्रतिमा येते. ही रेघ नव्हे, अख्खं चित्र खोल असतं. नखाच्या नियमाला हा अपवाद, म्हणूनच मघाशी 'बहुतेक' म्हटलं. ठसा फिरलेला असेल तेही तपासता येतं. नाणं सिंहमुद्रा सरळ धरून पुस्तकाच्या पानासारखं उलटा. आपल्या सध्याच्या नाण्यांत मागची बाजूही सरळ दिसायला हवी.

आता खरी अडचण. समजा, सालातला एक आकडाच नाही. ठशाच्या खळग्यात वंगण आणि धातूची भुकटी साचली, तर आकडा उमटत नाही. पण कुणी तो खरवडून काढला, तरी आकडा नसतोच. कार्य एक, कारणं दोन. इथे नख पुरत नाही.

आणि इथेच न्यायसूत्रांतली एक चर्चा आठवते. नदीला पूर दिसला, म्हणजे वर पाऊस झाला, असं अनुमान आपण करतो. आक्षेप घेणारा म्हणतो, बांध घालून पाणी अडवलं तरी नदी फुगते, मग तुमचं अनुमान फसलं. उत्तर असं, की नुसतं फुगणं ही खूण धरूच नका. वेगवान प्रवाह, फेस, वाहत येणारी पानं, फळं, लाकडं, हे सगळं मिळून पावसाची खूण होते. कारण सांगण्याइतकी खूण नेमकी हवी.

तसंच इथे. भिंगाखाली पाहा. वंगणाने भरलेल्या ठशाचं नाणं असेल, तर रिकाम्या जागेचा पृष्ठभाग आजूबाजूसारखाच सपाट असतो, शेजारचे आकडेही थोडे पुसट असू शकतात. खरवडलेलं असेल, तर जागा किंचित खोल, बारीक समांतर ओरखडे, चमक वेगळी. आकड्याचं नसणं म्हणजे आपला नुसता पूर. हे ओरखडे, ही चमक म्हणजे पानं आणि फेस.

आणखी एक फसगत. सालाखाली टांकसाळीची खूण असते. मुंबईची हिऱ्यासारखी चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याची खूणच नाही. त्यामुळे 'खूण विसरलेलं दुर्मीळ नाणं' म्हणून जे विकलं जातं, ते बहुधा साधं कोलकात्याचं असतं. तीच गत दहाच्या नाण्याची. 2011 पासून नाण्यांवर रुपयाचं नवं चिन्ह आलं. जुन्यावर ते नाही, म्हणून लोकांनी त्याला खोटं ठरवलं, दुकानदार घेईनात. शेवटी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दहाच्या नाण्याचे तेव्हाचे चौदाही नमुने वैध आहेत. फरक दिसला की आपण त्याला दोष म्हणतो. आधी विचारायला हवं, हा नियमातलाच फरक तर नाही?

आता मामांच्या नाण्याकडे येऊ. आम्ही दिव्याखाली नख फिरवलं. नख चढलं! काठापासून आकड्यापर्यंत गेलेली उठलेली रेघ, ठशाचा अस्सल तडा. म्हणजे पहिल्या प्रश्नावर फोनवरचा माणूस खरं बोलला होता, आणि म्हणूनच मामा फसले. पण तडा गेलेला ठसा बदलेपर्यंत हजारो नाणी पाडून जातो. अशा बारीक तड्याला संग्राहक फार तर थोडे जास्तीचे पैसे देईल. दोष खरा असणं आणि लाखमोलाचा असणं, यांत व्याप्ती नाही. धूर दिसला म्हणून स्वयंपाक झाला असं म्हणण्यासारखं ते आहे.

दुसऱ्या प्रश्नाची कसोटी तर याहून सोपी. जो विकत घेतो तो पैसे देतो, मागत नाही. आधी फी मागणारा गिऱ्हाईक नव्हे. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून जुनी नाणी आणि नोटा घेणाऱ्यांबद्दल बँकेने 2021 मध्ये सावधही केलं होतं. आम्ही अशा व्यवहारांत नाही, कुणाला अशी फी घ्यायचा अधिकारही दिलेला नाही, असं तिने सांगितलं होतं.

साडेतीन हजार वाचले. अकराशे गेले ते गेलेच. मामांनी नाणं मात्र खर्चलं नाही, पाकिटात ठेवलंय. सोसायटीतली पोरं आता त्यांच्याकडे चिल्लर घेऊन येतात आणि मामा डोळे मिटून नख फिरवतात.

आजचा गृहपाठ तोच. देवघरातला डबा रिकामा करा, भिंग घ्या, चार ढीग करा : चकती, ठसा, घाव, आणि इजा. चौथा ढीग सगळ्यात मोठा होईल, निराश होऊ नका. नाणी चिंच लावून घासू नका, पुरावा पुसला जातो. आणि ज्या नाण्याबद्दल ठरवता येत नाही, ते वेगळं ठेवा. पुढच्या वेळी संशयावर बोलायचंच आहे, तेव्हा ते उपयोगी पडेल.