परदेशी गेलेली पोरं हरवली की विकली गेली?

गोठ्यातून शेळी चोरीला गेली तर ठाण्यात चोरीचा गुन्हा नोंदवावा लागतो. पण परदेशी गेलेला तरणाबांड पोरगा गायब झाला, तर 'बेपत्ता' एवढीच नोंद होते. त्याला पाठवणाऱ्या एजंटाचे नावही त्या कागदावर येत नाही. आम्ही विचारतो, माणसाची किंमत शेळीहून कमी कधी झाली?

केंद्राच्या इमिग्रेशन खात्याची आकडेवारी २०२४ साली उजेडात आली. जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात पर्यटक व्हिसावर कंबोडिया, थायलंड, म्यानमार आणि व्हिएतनाम येथे गेलेल्या ७३,१३८ भारतीयांपैकी २९,४६६ जण परतलेच नव्हते. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले तीन हजारांहून अधिक. हे सगळेच विकले गेले असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांचे काय झाले हे शोधणे सरकारचे काम नाही काय?

हा धंदा कसा चालतो ते परत आलेल्यांनीच सांगितले आहे. मोबाइलवर 'डेटा एन्ट्री'ची जाहिरात येते. बँकॉकचे तिकीट मिळते. तिथून मोटारीने माए सोत आणि नदी ओलांडून म्यानमार. पासपोर्ट काढून घेतात. मग काटेरी कुंपणाआड दिवसरात्र संगणकावर बसून अनोळखी माणसांना फसवायचे. नकार दिला तर मारहाण, विजेचे झटके, नाहीतर दुसऱ्या टोळीला विक्री. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी असे ५४९ भारतीय परत आणले. ते आले म्हणून त्यांची कहाणी कळली. जे आलेच नाहीत त्यांचे काय?

आमच्याकडे येणारे आईबाप सांगतात, ठाण्यात एकच उत्तर मिळते, "पोरगा सज्ञान आहे, स्वखुशीने गेलाय, आम्ही काय करणार?" हे उत्तर कायद्याला धरून नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ (पूर्वीचे भा.दं.वि. ३७०) स्पष्ट सांगते की, मानवी तस्करीच्या गुन्ह्यात बळीची संमती गैरलागू आहे. फसवून, आमिष दाखवून शोषणासाठी माणूस पाठवणे हाच गुन्हा. शिक्षा किमान सात वर्षे. आणि भरती इथे झाली असेल तर गुन्ह्याची सुरुवातही इथेच झाली. मग पोलिसांना हद्दीचे निमित्त कसे सांगता येईल?

हरवलेल्या मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली 'बचपन बचाओ आंदोलन' खटल्यात आदेश दिला की, गुन्हा नोंदवा आणि अपहरण किंवा तस्करी झाली असे गृहीत धरूनच तपास सुरू करा. आमची मागणी एवढीच आहे की, नोकरीच्या आमिषाने परदेशी जाऊन संपर्क तुटलेल्या प्रत्येक सज्ञान माणसालाही हेच गृहीतक लावा. तस्करी झाली नसेल तर तपासात तसे सिद्ध होईल. पण आधी तपास तर करा!

बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या संविधानाने अनुच्छेद २३ मध्ये माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी दोन्ही एकाच वाक्यात बंद केली. तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांतही माणसांचा व्यापार आहे. कालची वेठ पाटलाच्या वाड्यावर होती, आजची संगणकापुढे आहे. बळी मात्र पदवी घेऊन बेकार बसलेली गोरगरिबांचीच पोरे!

समाजबांधवांनो, पैसे देण्याआधी एजंटाची नोंदणी 'ई-मायग्रेट'वर तपासा. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणीशिवाय परदेशी भरती करणे हा गुन्हा आहे. 'आधी पर्यटक व्हिसावर जा, परमिट तिथे मिळेल' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. पोरगा गेलाच असेल तर पासपोर्टची प्रत, तिकीट, एजंटाशी झालेले संदेश, पैशांच्या पावत्या जपून ठेवा. संपर्क तुटला तर लेखी फिर्याद द्या. ठाण्याने नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे आणि तिथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जा. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' यंत्रणेकडेही तक्रार नोंदवा.

अनेक दशकांच्या लढ्यानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. अनुच्छेद २२६ ची याचिका घेऊन मुंबई गाठण्याची लाचारी आता उरली नाही. राजर्षी शाहूंच्या या नगरीत एकाही आईच्या हाती नुसता 'बेपत्ता'चा कागद राहता कामा नये. तो कागद घेऊन या, न्यायालयाचे दार आपण मिळून ठोठावू.

जयभीम!