पीआय आणि न्यायाधीश मतपेटीतून येत नाहीत

नाशिकमध्ये महापालिकेची निवडणूक लागली की प्रभागातल्या सभांमधून एक आश्वासन हमखास कानावर येतं : मला निवडून द्या, भागातली गुंडगिरी मोडून काढतो, पोलीस ठाण्यात आपला शब्द ऐकणारा पीआय आणतो. त्या भरवशावर मंडळं आणि सोसायट्या पाठिंब्याची पत्रकं काढतात. ज्या कामासाठी मत मागितलं जातंय ते काम त्या पदाच्या हातात आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा राज्याचा विषय आहे. शहराचे पोलीस आयुक्त आणि ग्रामीणचे अधीक्षक हे आयपीएस अधिकारी. त्यांची नेमणूक राज्य सरकार करतं. सरळसेवेने येणारा फौजदार एमपीएससीची परीक्षा देऊन येतो आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत शिकतो. नगरसेवकच काय, महापौरसुद्धा साध्या हवालदाराची बदली करू शकत नाही. बदल्यांमधला राजकीय हात आखडावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात पोलीस आस्थापना मंडळं आणि ठरावीक कार्यकाळ सक्तीचा केला. असा आदेश द्यावा लागला, यावरूनच तो हात किती लांब होता ते कळतं. नगरसेवकाला अंधाऱ्या गल्लीत पथदिवे लावता येतात, आणि सुरक्षिततेसाठी ते काम मोलाचं आहे. त्याला जाब विचारायचा तर त्याचा विचारावा.

‘मुंबईला शेरीफ असतो, मग नाशिकला का नाही?’ हाही प्रश्न येतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शेरीफ हा निवडून आलेला कायदा-सुव्यवस्थेचा प्रमुख असतो. मुंबईचा शेरीफ सरकारनियुक्त आणि केवळ मानाचा. दिलीपकुमार आणि सुनील गावस्कर यांनी ते पद भूषवलं. त्यात पोलिसी अधिकार कोणताच नव्हता.

गावाकडची समजूत वेगळी. निफाड-सिन्नरकडे आजही कुणी म्हणतो की पोलीस पाटील गाव ठरवतं, किंवा ते पद घराण्यातच चालत येतं. वतनी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. पोलीस पाटलाचं पद १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली येतं आणि नेमणूक लेखी परीक्षा व मुलाखत घेऊन प्रांत करतात. ग्रामसभेचा ठराव किंवा सरपंचाचं शिफारसपत्र यांनी गुण वाढत नाहीत. उमेदवार राजकीय पक्षाशी बांधलेला नसावा, अशी अटही भरतीच्या जाहिरातींत असते.

ग्रामसभा निवडते ती तंटामुक्त गाव समिती. ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली आणि अध्यक्षपदासाठी गावोगाव चुरस असते. पण अध्यक्ष म्हणजे न्यायाधीश नव्हे. दोन्ही बाजू राजी असतील तरच समिती समेट घडवू शकते. दंड ठोकणं, वाळीत टाकणं तिच्या कक्षेत नाही. हे नाशिकमध्ये ठासून सांगायला हवं, कारण जातपंचायतींच्या जाचाविरुद्धची चळवळ २०१३ मध्ये इथूनच पेटली आणि पुढे सामाजिक बहिष्कारबंदीचा २०१६ चा कायदा झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता न्यायाधीश. ‘लोकांनी निवडले तर लोकांचं ऐकतील,’ असं चांगली शिकली-सवरलेली माणसंही म्हणतात. मला हा सगळ्यांत धोक्याचा गैरसमज वाटतो. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात न्यायाधीश निवडून येतात. तिथे एका कोळसा कंपनीवर पाच कोटी डॉलरचा दावा हरण्याची वेळ आली. तिच्या प्रमुखाने २००४ च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या पाठिंब्यासाठी तीस लाख डॉलर ओतले. उमेदवार जिंकला, आणि अपिलात कंपनीच्या बाजूने ३-२ असा निकाल लागला तेव्हा त्या तिघांत तोही होता. त्याने बाजूला व्हायला हवं होतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितलं, तेही अवघ्या एका मताच्या फरकाने. पाठिंबा देणाराच उद्या पक्षकार म्हणून समोर उभा राहिला तर दुसऱ्या बाजूने न्यायाची आशा कशी धरायची?

आपल्याकडे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश एमपीएससीच्या परीक्षेतून येतात. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक अनुच्छेद २३३ नुसार उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून राज्यपाल करतात; पुढे बदली, बढती, शिस्त यांवर ताबा उच्च न्यायालयाचा. नाशिकच्या कोर्टातला न्यायाधीश बदलणं कोणत्याही आमदाराच्या अखत्यारीत नाही. न्यायक्षेत्रात मतदान होतं ते वकिलांचं, त्यांच्या संघांसाठी आणि बार कौन्सिलसाठी. महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलवर २५ सदस्य पसंतीक्रमाच्या मतांनी निवडून जातात, पण न्यायाधीश नेमण्याचा अधिकार त्यांनाही नाही.

उलट्या बाजूने, ‘साहेबांचा पाठिंबा आहे’ ही कुजबुजही खपवून घेऊ नये. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत पोलिसाने कुणाला मत द्यायला किंवा न द्यायला भाग पाडण्याचा प्रयत्न केला, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२९ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

नागरिकाला पाठिंबा देण्याचा हक्क पुरेपूर आहे. खर्च करताना मात्र जपावं. उमेदवाराच्या लेखी अनुमतीशिवाय त्याच्यासाठी सभा, जाहिरात किंवा पत्रकावर पैसे घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे. दंड दहा हजार रुपयांपर्यंत. तेव्हा मंडळाने छापखान्यात जाण्याआधी उमेदवाराचं पत्र हातात घ्यावं.