ऐकू येतं, पण कळत नाही

बैठकीत एखादी काकू म्हणते, “ऐकू येतं गं, पण कळत नाही.” ती खरंच सांगत असते. कानाच्या आत शंखासारख्या भागात नाजूक पेशी असतात. वयाने आणि मोठ्या आवाजाने त्या मरतात, पुन्हा येत नाहीत. आधी बारीक आवाज जातात. ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’ ऐकू येतं, आणि हप्त्याचा घोळ होतो. म्हणून आम्ही रक्कम बोलतो आणि फळ्यावरही लिहितो.

आहे ते जपू या. पिठाची गिरणी, मळणीयंत्र, वरातीतला डीजे यांच्याजवळ हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागलं, तर तो आवाज घातक समजा. लांब व्हा. कापूस पुरत नाही. मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात, ते घाला. कानात पिन, काडी, गरम तेल घालू नका. मळ सहसा आपोआप बाहेर येतो. साखर, बीपी ताब्यात ठेवा. कान वाहत असेल तर दाखवा. अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उशीर झाला की उपचार लागू पडणं अवघड होतं.

घरात सासूबाईंना कमी ऐकू येत असेल, तर ओरडू नका. समोर बसून सावकाश बोला, आणि कान तपासायला जिल्हा रुग्णालयात घेऊन जा.