नवा चढाईपटू व संघनायकाची खूण

तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठांत चढाई शिकवावी लागत नाहीं, अशी आमची समजूत होती. परंतु कबड्डींत नुसत्या चपळाईनें भागत नाहीं. समोर सहा-सात गडी असतां कोणास न शिवतांहि बोनस रेषा ओलांडून गुण मिळवितां येतो. तीन किंवा कमी उरले असतां आपला गडी धरला गेला, तर प्रतिपक्षास एकाऐवजीं दोन गुण मिळतात. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसरींत गुण आणलाच पाहिजे, नाहीं तर गडी बाद. आणि वेळ अवघा ३० सेकंद! सर्व चढाईपटू उजवीकडूनच शिरत असतील, तर प्रतिपक्ष निर्धास्त असतो. डावीकडून शिरणारा एक नवा गडी आला कीं त्याचे दोन्ही कोपरे सावध होतात. मात्र त्यास केव्हां धाडावयाचें, ही खूण संघनायकाची. गेल्या सामन्यांत आम्हीं नवख्यास तिसऱ्या चढाईस धाडविलें. तो धरला गेला, बोल त्यास लागला. चूक आमची होती.