जुनी होडी, नवं काम

आमच्या तिगावकडे संत्र्याच्या बागा दिसतील, होडी नाही. त्यामुळे ‘स्कलिंग बोट’ काय असते हे मला वाचूनच कळलं. अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी ही बुटकी होडी वापरतात. शिकारी आत आडवा पडतो आणि मागच्या भोकातून बाहेर काढलेलं एकच वल्हं पाण्याखाली इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवतो. वर फारसं काही हलत नाही, म्हणून पक्षी बिचकत नाहीत.

अशी जुनी फायबरची होडी दुरुस्त करताना रंगाचं काम सगळ्यात शेवटी. फायबर कुजत नाही, कुजतं ते आतलं लाकूड. म्हणून आधी लहान हातोडीने हलकेच ठोकून बघायचं. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर तिथे पाणी मुरलं असण्याची शक्यता. तो भाग कापायचा, लाकूड बदलायचं, सगळं वाळू द्यायचं. मग कडा उतरत्या घासून काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिनचे थर चढवायचे. हार्डनर साधारण १ ते २ टक्केच. जास्त झाला तर रेझिन तापून तडकतं. घासताना मास्क हवाच.

पण दुरुस्त होडीचं करायचं काय? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे. उत्तर भिगवणला सापडतं. उजनीच्या पाण्यावरचे मच्छीमार हिवाळ्यात होडीतून लोकांना रोहित पक्षी दाखवायला नेतात. आवाज न करता पक्ष्याजवळ जायचं कसब तिथेही लागतंच. फक्त बंदुकीच्या जागी दुर्बीण असते.