खिशातला कॅमेरा आणि झाडीपट्टीचं जंगल

ताडोब्याच्या कोअर क्षेत्रात सफारीला जाताना मोबाइल वापरता येत नाही. मोहर्ली असो, कोलारा असो की नवेगाव, नियम सगळीकडे सारखा. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही देशभरातल्या व्याघ्रप्रकल्पांच्या कोअर पर्यटन भागात मोबाइलच्या वापरावर बंदी घालायला सांगितलं. एरवी प्रत्येक फोटो फोनवरच काढणाऱ्या कुटुंबाला मग अचानक कपाटातल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याची आठवण होते. तो बिघडलेला असतो, बॅटरी फुगलेली असते आणि नवा घ्यायचं ठरतं. दुकानात पहिला प्रश्न येतो, झूम किती पाहिजे? झाडीपट्टीतल्या चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्या किंवा तिकडे फिरायला जाणाऱ्या माणसाने त्याआधी स्वतःला विचारायला हवं, की फोटो नेमका कशाचा काढायचा आहे.

या कॅमेऱ्याचा इतिहास थोडक्यात असा. कोडॅकमधल्या स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने 1975 मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. एक चित्र टेपवर नोंदवायला त्याला 23 सेकंद लागत. 1995 मध्ये कॅसिओच्या क्यूव्ही-10 ने पाठीवर पडदा आणला. 2010 मध्ये जगभरात 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, त्यातले बहुसंख्य खिशात मावणारे. पुढे फोनने हा बाजार खाल्ला आणि 2023 पर्यंत छोट्या कॅमेऱ्यांची वर्षाची संख्या वीस लाखांच्याही खाली आली. त्यामुळे आज दुकानात मोजकीच मॉडेल दिसतात.

निवड सुरू होते ती सेन्सरपासून. जास्त झूमच्या छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा 1/2.3 इंची सेन्सर असतो. त्याचं क्षेत्रफळ साधारण 28 चौरस मिलिमीटर. ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा, म्हणजे 116 चौरस मिलिमीटरचा. चौपट जागेवर चौपट प्रकाश पडतो. पहाटे जंगलाचा दरवाजा उघडल्यावर सागाच्या दाटीत उजेड कमी असतो. अशा वेळी लहान सेन्सरचं चित्र दाणेदार होतं, वाघाचे पट्टे आणि वाळलेलं गवत एकमेकांत मिसळून जातात. मोठ्या सेन्सरवर पट्टा पट्ट्यासारखा राहतो.

आता झूमचा हिशेब. 35 मिमी फिल्मच्या मापात 200 मिमीची लेन्स पन्नास मीटरवरची नऊ मीटर रुंदी टिपते. वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अडीच-पावणेतीन मीटरचा धरला, तर तो चौकटीचा जेमतेम तिसरा भाग व्यापतो. 720 मिमीला तीच रुंदी अडीच मीटर होते आणि वाघ चौकट भरून टाकतो. पण लांब झूमला ॲपर्चर लहान होत जातं. एफ 2.8 च्या तुलनेत एफ 6.4 ला सुमारे एक पंचमांश प्रकाश आत येतो. म्हणजे जिथे झूम सर्वाधिक हवा, तिथेच प्रकाश सर्वात कमी.

या ओढाताणीतून कंपन्यांनी वेगवेगळे मार्ग काढले. सोनीच्या आरएक्स100 मालिकेतल्या सातव्या कॅमेऱ्यात (2019) एक इंची सेन्सर, 24 ते 200 मिमीची लेन्स आणि वर उघडणारा व्ह्यूफाइंडर हे सगळं सुमारे 300 ग्रॅममध्ये बसवलं आहे. पॅनासॉनिकच्या टीझेड200 ने (2018) त्याच आकाराच्या सेन्सरवर 360 मिमीपर्यंत मजल मारली. कॅननचा एसएक्स740 (2018) 960 मिमीपर्यंत जातो, पण सेन्सर लहान आणि व्ह्यूफाइंडर नाही. निकॉनचा पी1000 तर 3000 मिमीला पोचतो, मात्र त्याचं वजन जवळजवळ दीड किलो आहे. तो खिशात मावत नाही, म्हणून या लेखाच्या कक्षेत बसत नाही.

व्ह्यूफाइंडरची गोष्ट इथे आवर्जून सांगायला हवी. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या जिप्सीत बसलं की पाठीवरचा पडदा काळा पडल्यासारखा दिसतो. डोळा टेकवायची खिडकी असली की चौकट नीट दिसते, शिवाय कॅमेरा कपाळाला टेकून हात स्थिर राहतो. अनेक नव्या कॅमेऱ्यांनी ती काढून टाकली आहे. पॅनासॉनिकने 2025 मध्ये टीझेड99 आणला, तेव्हा यूएसबी-सी चार्जिंग दिलं आणि आधीच्या टीझेड95 मध्ये असलेला व्ह्यूफाइंडर घालवला. यूएसबी-सी गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीसारख्या ठिकाणी उपयोगाचंच, कारण वीज गेली तरी पॉवर बँकेवर काम भागतं. पण उन्हात पाहण्याची सोय गेली.

ऊन आणि धूळ हे इथले मोठे शत्रू. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा 40 अंश लिहिलेली असते आणि चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. कॅमेरा बॉनेटवर किंवा बंद गाडीच्या काचेमागे ठेवू नये. ओल्या गमछ्याजवळच्या कापडी पिशवीत ठेवावा. बाहेर येणारी झूम लेन्स आत जाताना मुरमाची बारीक धूळ सोबत ओढते. गाडी चालू असताना ती मिटलेलीच बरी.

वाघाचा फोटो काढायचाच असेल तर चेहऱ्याइतकंच लक्ष कुशीकडे द्यावं. पट्ट्यांची नक्षी प्रत्येक वाघाची वेगळी, आणि एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या बाजूचीही वेगळी. म्हणूनच वनविभाग कॅमेरा ट्रॅप पायवाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर बांधतो. वन्यजीवशास्त्रज्ञ डॉ. उल्हास कारंथ यांनी 1990 च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत ही पद्धत वाघ मोजण्यासाठी रुळवली. 2018 च्या देशव्यापी गणनेत 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या आसपास चित्रं मिळाली आणि गिनीज बुकात नोंद झाली. खिशातल्या कॅमेऱ्याने काढलेला कुशीचा स्वच्छ फोटोही वाघ ओळखायला उपयोगी पडतो.

मात्र या जंगलात छोट्या कॅमेऱ्याचं खरं राज्य वाघापासून फार दूर, जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे. लहान सेन्सरची जी उणीव वर सांगितली, तीच इथे बळ ठरते. सेन्सर लहान म्हणून लेन्सची खरी नाभीय लांबी लहान, आणि ती लहान म्हणून फोकसची खोली जास्त. मोठ्या कॅमेऱ्याने मुंगीचा डोळा स्पष्ट घेतला की पोट धूसर होतं. छोट्या कॅमेऱ्यात बरीचशी मुंगी एकदम स्पष्ट येते. ऑलिम्पसचा टीजी-6 (2019) आणि त्याचा वारस, ओएम सिस्टिमचा टीजी-7 (2023), हे यातले निर्विवाद उस्ताद. झूम फक्त 25 ते 100 मिमी, सेन्सर लहान, वाघासाठी जवळजवळ निरुपयोगी. पण मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून एक सेंटिमीटरवरची वस्तू फोकस होते. फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घेऊन त्यांतून एकच स्पष्ट चित्र कॅमेरा स्वतः जुळवतो. लेन्सभोवती बसणारी एक कडी मिळते. ती कॅमेऱ्याच्या दिव्याचा उजेड गोलाकार पसरवते. लेन्स बाहेर येत नाही, त्यामुळे धूळ ओढली जात नाही, आणि 15 मीटर खोल पाण्यापर्यंत कॅमेरा तगतो.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर शेताच्या बांधावर मखमली लाल मृगाचे किडे निघतात. ते कीटक नव्हेत, आठ पायांचे, कोळ्यांच्या गोतावळ्यातले. काही दिवसच दिसतात. एक सेंटिमीटरवरून पाहिलं की त्या मखमलीचा केस न् केस मोजता येतो. आंबा-जांभळाच्या फांदीवर लाल मुंग्यांची पानांची घरटी असतात. गडचिरोलीतले माडिया आदिवासी ज्यांची चटणी करतात, त्याच या मुंग्या. त्या आपल्या अळ्यांना जबड्यात धरून, अळीच्या तोंडातल्या रेशमाने पानं शिवतात, आणि हे शिवणकाम अशा कॅमेऱ्यात धडधडीत दिसतं. वारुळावर उगवणाऱ्या सात्या नावाच्या अळंब्या, मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाखाली पडलेली रसाळ फुलं, पावसानंतर वाटेवर आडवं जाळं ताणून बसलेली जायंट वुड स्पायडरची मादी आणि तिच्याच जाळ्याच्या कडेला तिच्या कित्येक पट लहान नर. प्रस्तुत लेखकाने ताडोब्याच्या बफरमध्ये या एका जाळ्यासमोर जितका वेळ काढला, तितका वाघासमोर कधी काढलेला नाही. कोअर 1 जुलै ते 30 सप्टेंबर पर्यटकांना बंद असतं, तेव्हाच हे जग सर्वात भरात असतं.

वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत तर या कॅमेऱ्याला कामच काम. सिरोंचाजवळच्या वडधम जीवाश्म उद्यानात दगड झालेल्या झाडांचे पोत जवळून टिपावेत. मापासाठी शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवावं. मार्कंड्याच्या मंदिराच्या भिंतीवर वरच्या थरांतली शिल्पं पाहायला मात्र झूम लागतो आणि सकाळचं तिरपं ऊन लागतं. मेंढा-लेखा या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, तेव्हापासून जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आपल्या जंगलाचा कारभार स्वतः पाहतात. जैवविविधता नोंदवहीसाठी जीपीएस असलेला, पाण्यात न बिघडणारा छोटा कॅमेरा त्यांना मोलाचा. फोटोसोबतच जागा आणि तारीख नोंदली जाते. हीच सोय वाघिणीचं बछड्यांसह ठिकाण किंवा घुबडाची ढोली टिपताना बंद ठेवावी, कारण फोटोसोबत पत्ताही जगभर जातो. माणसांचे फोटो, विशेषतः माडिया पाड्यांवर, विचारल्याशिवाय काढू नयेत.

खरेदीच्या वेळी बाकी तपासणी सोपी आहे. झूम पूर्ण ताणून दुकानाबाहेरच्या पाटीचा फोटो काढावा आणि कोपऱ्यांतली अक्षरं वाचावीत. जुना कॅमेरा घेत असाल तर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून काळे ठिपके दिसतात का पाहावं. ते सेन्सरवरच्या धुळीचे असू शकतात. दुसरी बॅटरी कॅमेऱ्यासोबतच घ्यावी. फ्लॅश बंद कसा करायचा हे घरीच शिकून घ्यावं, कारण जंगलात तो कोणत्याही प्राण्यावर चालवू नये.

पैसे एकाच कॅमेऱ्यापुरते असतील आणि मुक्काम मुख्यतः ताडोब्यातल्या सफारींचा असेल, तर एक इंची सेन्सर, 200 ते 360 मिमी झूम आणि व्ह्यूफाइंडर असलेला कॅमेरा घ्यावा, मग तो जुना मिळाला तरी चालेल. मात्र जो माणूस याच दोन जिल्ह्यांत राहतो, ज्याच्या घरामागे मोह आहे आणि पावसात चिखल तुडवायची ज्याला हौस आहे, त्याने झूमचा मोह सोडून पाण्या-धुळीला न डगमगणारा, एक सेंटिमीटरवर फोकस होणारा कॅमेरा घ्यावा. वाघ दिसेल त्या दिवशी तो डोळ्यांनी पाहावा. उरलेल्या सगळ्या दिवसांसाठी हाच कॅमेरा योग्य.