मालवणला डॉल्फिन बघायला निघालाय? बोटीत बसण्याआधी हे वाचा

कोल्हापूर : दिवाळीची सुट्टी लागली की फोंडा, करूळ, आंबोली असे घाट उतरून जिल्ह्यातल्या गाड्या मालवण, देवबाग, वेंगुर्ल्याकडे धावतात. डॉल्फिन राईड हा त्यातला ठरलेला कार्यक्रम. मात्र ‘पैसे भरले, एकबी दिसला नाही’ म्हणत परतणारेही बरेच असतात.

इथं दिसतो तो हम्पबॅक, म्हणजे पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन. टीव्हीवरच्यासारख्या उड्या तो क्वचितच मारतो. करडी पाठ, तिच्यावरचा उंचवटा आणि छोटा पर, एवढंच क्षणभर पाण्यावर येतं. मोबाईल काढेपर्यंत खेळ खल्लास! पण डॉल्फिन हा मासा नव्हे, म्हशीसारखाच पिलाला दूध पाजणारा प्राणी. त्याला कल्ले नसतात, श्वासासाठी वर यावंच लागतं. त्यामुळं एकदा दिसला की आसपासच नजर ठेवा, पुन्हा पाठ दिसते.

खाडीच्या तोंडाशी मासळी जास्त असते, म्हणून देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ती बाजू चांगली. जायचं सकाळी लवकर. वारा सुटला की पाण्यावर फेस येतो आणि प्रत्येक लाट डॉल्फिनच वाटायला लागते.

देवमासा म्हणजे व्हेल मात्र बहुधा खोल समुद्रात असतो; पर्यटकांच्या बोटीतून दिसला तर नशीबच. २०१५ मध्ये कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे दिसले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्यावर अडकलं. मोठ्या कष्टानं ते समुद्रात नेलं, पण वाचलं नाही. आणि ‘व्हेलची उलटी कोटींना जाते’ असं कुणी सांगत आलं तर लांब राहा. ती बाळगणं, विकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

‘जादा पैसे देतो, जवळ घे’ असा आग्रह बोटवाल्याला करू नका. दोन-तीन बोटींनी घेरलं की कळप बुडी मारून लांब निघतो, पिल्लू सोबत असेल तर त्याची दमछाक होते. इंजिन मंद ठेवून थांबलेल्या बोटीतूनच जास्त बघायला मिळतं.

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. लाईफ जॅकेट नुसतं गळ्यात अडकवायचं नसतं, पट्टे आवळायचे असतात. लहान पोरांना त्यांच्या मापाचं मागून घ्या. नसेल तर दुसरी बोट बघा.